शुक्रवारची कारे, मंगळवारची फोडणी

लग्नानंतर आईला माझा पत्ता समजावणं हीच पहिली परीक्षा होती. मी राहायचे जपानात, योकोसुकाच्या अमेरिकी नौदल तळावर. पण पत्त्यात ना जपान, ना योकोसुका. नुसतं नाव, पेटी क्रमांक आणि 'एफपीओ एपी', म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिकी नौदलाच्या टपालाची खूण. त्यामुळे सांगलीचा गोडा मसाला आधी अमेरिकेला जायचा आणि मग अख्खा पॅसिफिक ओलांडून माझ्याकडे यायचा. "मसाला जग बघून आला, मी अजून गोव्यापुढे गेले नाही," असं आईचं म्हणणं. त्यात पासपोर्टवर शिक्का 'सोफा'चा. अमेरिकी सैन्याने जपानात कसं राहायचं याचा १९६० सालचा एक करार आहे, त्याचं हे इंग्रजी लघुरूप. आईने शेजारच्या काकूंना सांगून टाकलं, पोरीला तिकडे सरकारी सोफा मिळालाय.

नवरा न्यू जर्सीत वाढलेला मराठी मुलगा, नौदलात दंतवैद्य, नेमणूक विमानवाहू जहाजावर. विमानवाले धरून जहाजावर पाच हजार माणसं, म्हणजे झाले एक लाख साठ हजार दात. वर्षातले कित्येक महिने तो त्या दातांबरोबर समुद्रात असायचा. जहाज कुठे आहे आणि कधी येणार हे फोनवर बोलायची बंदी. सासूबाई विचारायच्या, "कधी येतोय गं?"

"सांगता येत नाही, आई."

"माहीत नाही, की सांगत नाहीस?"

"तेही सांगता येत नाही."

असो. माझा खरा लढा स्वयंपाकघरात होता.

योकोसुका म्हणजे करीचं गाव. हे मी म्हणत नाही, १९९९ साली गावानेच तसं जाहीर केलंय. एकोणिसाव्या शतकात जपानी नौदलाचे खलाशी पांढरा भात खाऊन खाऊन बेरीबेरीने, म्हणजे जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, आडवे पडायचे. ताकाकी कानेहिरो नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने त्यांचा आहारच बदलायला लावला. त्या पाश्चात्त्य वळणाच्या जेवणातच पुढे इंग्रजांची करी शिरली. इंग्रजांनी ती कुठून उचलली, हे सांगलीच्या मुलीने सांगायला नको. १९०८ सालच्या नौदलाच्या पाकपुस्तकात तिची रीतसर कृती आहे. आजही जपानी नौदलाच्या जहाजांवर दर शुक्रवारी करी असते. समुद्रात वार विसरू नये म्हणून, असं सांगतात. गावातल्या हॉटेलांत हीच करी भात, सॅलड आणि ग्लासभर दुधाबरोबर मिळते.

मी ती मोठ्या आशेने खाल्ली. पिठल्याने परदेशी जाऊन बरे दिवस पाहावेत, अंगावर बटाटा-गाजर बाळगावं, आणि ओळख मात्र दाखवू नये, असा प्रकार. चव गोडसर. मोहरी नाही, हिंग नाही. दूध का देतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या आजीने तो ग्लास विरुद्ध आहार म्हणून परत पाठवला असता.

तेव्हा घरीच आमटी करायची ठरवली. कढीपत्ता, तूरडाळ आणायला गाड्या बदलत तोक्योतल्या निशि-कासाईला गेले. तिथे आपल्या आयटीवाल्यांची वस्ती आहे, त्यामुळे वाणसामान मिळतं. आमचं घर तळावरच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर. डाळ शिजली. कढल्यात तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, हळद, कढीपत्ता, शेवटी दोन सुक्या मिरच्या. मिरच्यांनी रंग बदलला आणि छतावरच्या, धूर दिसताच ओरडणाऱ्या पांढऱ्या डबीने असा टाहो फोडला की कढलं हातातून निसटता निसटता राहिलं. मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतेय, डबी ओरडतेय, आमटी फोडणीची वाट बघत बसलीय. खाली आगीचा बंब कधी आला, कळलंही नाही.

तळाच्या अग्निशमन दलातले ते दोन जवान जपानी होते. हेल्मेट, जाडजूड कोट, पाठीवर नळकांडं. दारात येताच त्यातला एक सवयीने बूट काढायला वाकला, मग प्रसंगाचं भान येऊन सरळ झाला. दोघांनी घरभर नजर फिरवली. दुसऱ्याने कढल्यात डोकावून पाहिलं, दोनदा शिंकला, आणि चेहरा उजळून म्हणाला, "कारे?"

जपानीत करीला 'कारे' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण नवरा दीड महिना समुद्रात, घरात मराठी शब्द नाही, मला ते स्वच्छ "का रे?" असं ऐकू आलं. "काही नाही रे, फोडणी," एवढं ओठांवर आलं होतं.

"हाय, कारे," मी म्हटलं. जपानीत हाय म्हणजे हो.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जोडीदाराकडे पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "कायोबी." म्हणजे मंगळवार. मग दोघेही हसत सुटले. जाताना वाकून नमस्कार केला, मीही केला. आमची चार वाकणी होईपर्यंत आमटी गार.

यानंतर मी फोडणी घराबाहेर न्यायची ठरवली. टॉवरच्या खाली हिरवळीवर बार्बेक्यूच्या लोखंडी शेगड्या होत्या. अमेरिकी कुटुंबं तिथे सॉसेज भाजायची. शेजारच्या शेगडीवर निखारे तयारच होते. एका खलाशाला विचारून मी माझं कढलं त्यावर टेकवलं. तो म्हणाला, "एवढंसंच?" म्हटलं, एवढंसंच. वरती सातव्या मजल्यावर पातेल्यात आमटी तयार. फोडणी झाली की झाकण ठेवून लिफ्टने वर, असा बेत.

तेल तापलं. मोहरी टाकली, पहिला दाणा तडतडला, आणि तळावरच्या भोंग्यांतून बिगुल वाजलं.

सूर्यास्त. झेंडा उतरवायची वेळ. तळावर अशा वेळी बाहेर असलेल्या प्रत्येकाने आहे तिथे थांबायचं, झेंड्याकडे तोंड करून. रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात. खलाशी चिमटा हातात धरून ताठ. मीही ताठ. आधी अमेरिकेचं राष्ट्रगीत, मग जपानचं. जपानी राष्ट्रगीत तसं छोटं आहे, पण अतिशय सावकाश. दोन्ही मिळून दोन-अडीच मिनिटं लागतात. मोहरीला अर्ध्या मिनिटावर सोसत नाही. पाठीमागे तडतड वाढली, मग मंदावली, मग थांबली. मग तो वास. खलाशाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पठ्ठ्या जागचा हलला नाही. लांबून पाहणाऱ्याला त्याचं देशप्रेम उतू चाललंय असंच वाटलं असतं.

गीत संपलं. तो डोळे पुसत माझ्याकडे वळला, कढल्यातल्या कोळशाकडे बघितलं आणि विचारलं, "हे असंच करतात का?"

मी हो म्हटलं.