खुलासा : नीलेतलं (शिरेतलं) रक्त निळं नसतं

"शिरांमधलं रक्त निळं असतं, हवा लागली की लाल होतं," असा मेसेज पुन्हा फिरतोय. सोबत पुरावा म्हणून मनगटाचा फोटो. दावा चुकीचा आहे.

तपासणीसाठी रक्त देताना नळीकडे नीट बघा. सुई शिरेतच टोचलेली असते, नळी बंद असते, आत हवा जवळजवळ नसतेच. तरी त्यात उतरतं ते गडद, जांभळटपणाकडे झुकणारं लालच. ऑक्सिजन भरपूर असला की हिमोग्लोबिन (रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं लाल द्रव्य) लालभडक दिसतं, कमी झाला की काळपट लाल. निळं कधीच नाही.

मग शीर निळी का दिसते? लाल प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि शिरेतल्या रक्तात बराचसा शोषला जातो. निळा वरच्यावरच विखरून परत येतो. बाकी गोंधळ पुस्तकांतल्या आकृत्यांच्या रंगांनी घातलाय, आणि थोडा आपल्या भाषेनेही : रोहिणी (धमनी) लाल, नीला (शीर) निळी!

शिरेतल्या रक्ताला वापरला जाणारा 'अशुद्ध रक्त' हा शब्दही तसाच फसवा. विश्रांतीत असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात साधारण ७० ते ७५ टक्के हिमोग्लोबिन अजून ऑक्सिजन धरून असतं. त्यात घाण नसते, फक्त ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त.

शिवाय रोहिणी म्हणजे 'शुद्ध रक्ताची नळी' हेही खरं नाही. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. म्हणून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत कमी ऑक्सिजनचं रक्त असतं आणि तिथून परतणाऱ्या नीलांमध्ये लालभडक.