सेलिब्रेशन बोलला 'उत्तेजनार्थ बक्षीस' म्हणणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या, अमेरिकन फुटबॉलमध्ये वरच्या पातळीवर खेळणाऱ्या दोन कॉन्फरन्स (म्हणजे साखळी गट) आहेत, मीॲक आणि स्वॅक. त्यांचे विजेते दर डिसेंबरात अटलांटात एकमेकांशी भिडतात. तो सामना म्हणजे सेलिब्रेशन बोल. "राष्ट्रीय प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत जिंकता येत नाही, म्हणून आपापसात खेळून घेतात," हे त्याबद्दल फार सहज बोललं जातं. हे बोलणं चुकीचं आहे आणि त्या पोरांवर अन्याय करणारं आहे. का, ते सविस्तर लिहितो.

आधी थोडी ओळख. १९६४ च्या आधी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थांना अमेरिकेत 'एचबीसीयू' म्हणतात. आज त्या शंभरच्या आसपास आहेत. १८९० च्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे दोनच पर्याय ठेवले: सरकारी कृषी-तंत्र महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी संस्था चालवा. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळी संस्था निवडली. नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी १८९१ मध्ये उभी राहिली ती त्यातूनच. नावातलं 'ए' म्हणजे शेती आणि 'टी' म्हणजे तंत्रशिक्षण. या महाविद्यालयांमधला पहिला फुटबॉल सामना २७ डिसेंबर १८९२ ला सॉल्सबरीत बर्फात झाला. बिडल कॉलेजने लिव्हिंगस्टनला हरवलं. म्हणजे ही परंपरा व्यावसायिक एनएफएलपेक्षा जुनी आहे.

आता हिशोबाकडे येऊ. या दोन कॉन्फरन्सची महाविद्यालयं अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या एफसीएस या पातळीवर खेळतात. तिथे २४ संघांचं प्लेऑफ असतं. विजेतेपदासाठी पहिल्या आठ मानांकितांना सलग चार सामने जिंकावे लागतात, बाकीच्यांना पाच. पहिली फेरी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) शनिवारी असते आणि खरी अडचण इथेच आहे. त्याच शनिवारी न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या स्वॅकच्याच दोन संघांचा सामना, बायू क्लासिक, असतो. लुइझियानातली दोन घराणी वर्षभर ज्या दिवसाची वाट बघतात तो हा दिवस. प्लेऑफसाठी स्वॅकने तो हलवायचा म्हटलं, तर हॉटेलांपासून माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनांपर्यंत सगळी घडी विस्कटते. शिवाय पुढच्याच शनिवारी स्वॅकची स्वतःची अंतिम लढत असते, आणि तेव्हा प्लेऑफची दुसरी फेरी चालू असते. दोन्ही एकाच वेळी जमणार नाही. स्वॅकने आपलं कॅलेंडर राखलं, आणि माझ्या मते शहाणपणाने राखलं.

मीॲकचा निर्णय वेगळा होता आणि जास्त कठीण होता. त्यांचा विजेता बरीच वर्षं प्लेऑफला थेट जात होता. २०१५ पासून त्यांनी ती जागा सोडली. प्लेऑफमधला पाहुणा संघ कुठेतरी थंडीत, निम्म्या रिकाम्या मैदानावर खेळतो. प्रवासखर्च ठराविक माणसांपुरताच मिळतो, त्यात दोनशे-तीनशे जणांचा बँड बसत नाही. यजमानपद कुणाला मिळणार यात बोलीची रक्कमही धरतात, त्यामुळे लहान तिजोरीचं महाविद्यालय तिथेही मागे पडतं. उलट सेलिब्रेशन बोल सुरू झाला तेव्हा प्रत्येक कॉन्फरन्सला १० लाख डॉलर ठरले. आजच्या आठ सदस्यांत समान वाटले असं धरलं, तर मीॲकच्या वाट्याला दर संस्थेमागे सव्वा लाख येतात. स्वॅकच्या बारा सदस्यांत साधारण ८३ हजार. भल्यामोठ्या विद्यापीठाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण ज्यांच्या क्रीडा विभागाला बसभाड्याचाही विचार करावा लागतो, त्यांच्यासाठी ही खरी रक्कम आहे.

आणि दार पूर्ण बंदही झालेलं नाही. कॉन्फरन्सचा विजेता सेलिब्रेशन बोलमध्ये जातो, पण बाकीच्या संघांना निवड समिती प्लेऑफला बोलावू शकते. २०२३ मध्ये हावर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल मीॲकमध्ये बरोबरीत होते. आपसातला सामना हावर्डने जिंकला होता, म्हणून हावर्ड अटलांटाला गेलं आणि फ्लोरिडा ए अँड एमकडून ३०-२६ असं थोडक्यात हरलं. सेंट्रल प्लेऑफला गेलं आणि पहिल्याच फेरीत रिचमंडकडून बाहेर पडलं. एकाच मोसमात दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसल्या. फ्लोरिडा ए अँड एमनेच १९७८ मध्ये या पातळीचं पहिलंवहिलं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं होतं, तेही मॅसॅच्युसेट्सला हरवून. त्यामुळे "यांना जमत नाही" हे म्हणण्याआधी इतिहास वाचावा.

हा पहिला प्रयत्न नव्हे. सत्तरच्या दशकात पेलिकन बोल झाला आणि तीन सामन्यांत आटोपला. १९९१ ते १९९९ हेरिटेज बोल चालला. तो का बंद पडला हे समजून घेतलं की आजच्या सामन्याची बांधणी कळते. तेव्हा मीॲकचा विजेता प्लेऑफला जायचा, मग हेरिटेजला यायचा दुसऱ्या क्रमांकाचा संघ. बोर्डावर विजेत्यांची लढत आणि मैदानात उपविजेता, असा सामना कोण किती वर्षं बघणार? २०१५ च्या कराराने नेमकं हेच भोक बुजवलं: विजेता येणार म्हणजे येणारच. (मोसमाच्या सुरुवातीला, ऑगस्टअखेर होणारा मीॲक/स्वॅक चॅलेंज हा वेगळा सामना. त्यात विजेतेच खेळतात असं नाही. दोन्हींची गल्लत करू नका.)

पहिल्याच सामन्यात ए अँड टीने अल्कॉर्न स्टेटला ४१-३४ ने हरवलं. टारिक कोहेन हा बुटका धावपटू २९५ यार्ड पळाला आणि पुढच्या वर्षी अटलांटात न खेळताही २०१७ मध्ये एनएफएलच्या शिकागो बेअर्समध्ये पोचला. पण या सामन्याचा स्वभाव समजायचा असेल तर २०१६ चा शेवट बघा.

ग्रॅम्बलिंग १०, सेंट्रल ३. सव्वादोन मिनिटं उरलेली असताना सेंट्रलने लांब पास झेलून टचडाउन केला. १०-९. आता फक्त एक अतिरिक्त गुण, म्हणजे साधी किक. झेल घेणाऱ्या खेळाडूने आनंदाच्या भरात मैदानातच हेल्मेट काढलं. नियमाने ते अखिलाडू वर्तन, दंड १५ यार्ड. तो दंड पुढच्या किकऑफवर घ्यायचा की याच किकवर, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. ग्रॅम्बलिंगने याच किकवर घेतला. एरवी चेंडू ३ यार्डांच्या रेषेवरून सुटतो, सात यार्ड मागे धरला जातो आणि गोलपोस्ट आणखी दहा यार्ड पलीकडे, म्हणून किक २० यार्डांची. आता ती ३५ यार्डांची झाली. कॉलेजच्या किकरला ३५ यार्ड अशक्य नाहीत. पण अंतर वाढलं की चेंडूला उंचीपेक्षा लांबी द्यावी लागते, तो खालून निघतो आणि समोरच्या फळीचे हात त्याला लागू शकतात. तेच झालं. किक अडवली गेली आणि ग्रॅम्बलिंग १०-९ ने जिंकलं. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाने आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या झेलनंतर चेहरा दाखवावा, यात मला गुन्हा दिसत नाही. पण हा नियम प्रशिक्षकांनी सरावात रोज घोकून घ्यायला हवा.

दुसरी वारंवार दिसणारी अडचण मधल्या खंडाची. मीॲकची साखळी थँक्सगिव्हिंगच्या आधी संपते, त्यामुळे त्यांचा विजेता साधारण तीन आठवडे सामन्याविना बसतो. स्वॅकचा विजेता डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अंतिम लढत खेळून येतो. एका संघाचे पाय ताजे पण लय गेलेली, दुसऱ्याची लय शाबूत पण अंग दुखतंय. २०२१ मध्ये साउथ कॅरोलिना स्टेटने प्रशिक्षक डीऑन सँडर्सच्या जॅक्सन स्टेटला ३१-१० असं उघडं पाडलं, तेव्हा विश्रांतीचं कौतुक झालं. २०२४ मध्ये जॅक्सन स्टेट आठवड्यानेच पुन्हा मैदानात उतरलं आणि त्याच साउथ कॅरोलिना स्टेटला २८-७ ने हरवलं. म्हणून 'खंडामुळे जिंकले' हे कारण मला पटत नाही. आठवड्याच्या खंडाचा फटका बसतो तो प्रेक्षकांना. कोण येणार हे शनिवारी कळतं आणि सात दिवसांत तिकीट, रजा, हॉटेल, बस जमवायची. खंड दोन आठवड्यांचाच ठेवा, ही माझी आयोजकांकडे मागणी.

आता बँड. याला मध्यांतराचा कार्यक्रम म्हणणं म्हणजे तमाशात ढोलकी नुसती 'साथीला' असते म्हणण्यासारखं. जॅक्सन स्टेटचा 'सॉनिक बूम ऑफ द साउथ', फ्लोरिडा ए अँड एमचा 'मार्चिंग १००', साउथ कॅरोलिना स्टेटचा 'मार्चिंग १०१'. लोक यांच्यासाठीही तिकीट काढतात. मध्यांतर २० मिनिटांचं, बँड दोन. आत येणं, वाजवणं, बाहेर पडणं, सगळं त्यातच. वेळ चुकली तर दंड संघाच्या माथी येऊ शकतो. यांची चाल म्हणजे मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत गुडघा उचलायचा आणि पाच यार्डांत बरोबर आठ पावलं बसवायची, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. हे करायचं अंगाभोवती गुंडाळलेला पितळी सुझाफोन घेऊन, ज्याचं वजन सहज पंधरा किलोच्या घरात जातं. मांडी थकली की पाऊल आखडतं, पाऊल आखडलं की रांग वाकते आणि वरच्या मजल्यावरून ती वाकडी रांग लगेच दिसते.

अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमचं छप्पर बंद असलं की आणखी एक त्रास होतो. मैदानाच्या एका टोकाचा आवाज शंभर यार्डांवरच्या दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदापेक्षा जास्त लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ते अर्ध्या ठोक्याहून अधिक झालं. कानावर विसंबून वाजवणारा हमखास मागे पडतो. म्हणून सगळे वादक ड्रम मेजरच्या (पुढे उभं राहून लय देणाऱ्या म्होरक्याच्या) हाताकडे बघून वाजवतात, समोरून येणारा आवाज ऐकू येत असूनही तो सोडून द्यायला शिकतात. छपराखाली प्रतिध्वनी रेंगाळतो, त्यामुळे द्रुत लयीतले तुटक सूर एकमेकांत मिसळतात. अनुभवी बँडमास्तर तिथे लांब सूर आणि मोकळ्या जागा असलेल्या रचना निवडतात. हे सगळं चालू असताना टीव्हीवाल्यांनी स्टुडिओतली चर्चा दाखवू नये. वीस मिनिटं कॅमेरा मैदानावर ठेवा, बस.

माझी खरी काळजी मात्र मीॲकची आहे. हॅम्प्टन २०१८ मध्ये गेलं. २०२१ मध्ये ए अँड टी, फ्लोरिडा ए अँड एम आणि बेथ्यून-कुकमन गेले, त्यातले शेवटचे दोन स्वॅकमध्ये. मीॲकमध्ये फुटबॉल खेळणारे सहा उरले: डेलावेअर स्टेट, हावर्ड, मॉर्गन स्टेट, नॉरफोक स्टेट, नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल, साउथ कॅरोलिना स्टेट. प्रत्येकाच्या वाट्याला साखळीचे पाचच सामने येतात, बाकीचे सहा-सात बाहेर शोधायचे. एखादा जरी आणखी गेला तर 'दोन कॉन्फरन्सच्या विजेत्यांची लढत' या शब्दांतला जीव जाईल. नवे सदस्य आणायला जे काही करावं लागेल ते आत्ताच व्हायला हवं, पुढच्या फुटीनंतर नाही.

आपल्याशी एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर कृष्णवर्णीय महाविद्यालयांचा जुना परिसर आहे, मोअरहाउस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा. (मोअरहाउस आणि क्लार्क अटलांटाचे संघ वेगळ्या विभागात खेळतात, या सामन्यात नाही.) तिथल्या तेव्हाच्या अटलांटा विद्यापीठात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी दोन टप्प्यांत मिळून वीसहून अधिक वर्षं शिकवलं. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांनाच पत्र लिहिलं होतं. भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्यांचा अभ्यास आवश्यकच आहे, असं त्यात म्हटलं होतं. सामन्याला जाल तर सकाळी तासभर काढून तो परिसर बघा.

अटलांटातल्या मराठी मंडळींसाठी शेवटचं. गाडी नेऊ नका, मार्टाच्या मेट्रोने जा. व्हाइन सिटी स्टेशन स्टेडियमला लागूनच आहे. पारदर्शक पिशवीच आत नेता येते, आणि आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड ठेवा. तिकीट काढताना तुम्हाला आवडणारा बँड कुठल्या कोपऱ्यात बसणार ते आधी विचारा, त्याच्या समोरच्या बाजूला वरची जागा घ्या, रचना तिथून नीट दिसते. भारतातून बघणाऱ्यांसाठी: तिथले दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. आणि घड्याळ शून्यावर आलं की उठू नका. संघ आत गेल्यावर दोन्ही बँड आपापल्या जागेवरून एकमेकांना उत्तरं देत वाजवत राहतात. सामना चार क्वार्टरचा, म्हणून त्याला तिथे 'पाचवा क्वार्टर' म्हणतात.