‘त्यांना काम नकोच असतं’: एका फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरतो. शब्द बदलतात, आशय तोच. फुटपाथवर राहणाऱ्यांना रोजंदारी देऊन परिसर साफ करून घ्यावा, असं कुणी सुचवायचा अवकाश, लगेच तो येऊन पडतो. यांना काम नकोच असतं. भीक मागून ते नोकरदारांपेक्षा जास्त कमावतात. हातात पैसे पडले की दारूत जातात. सफाईला महापालिकेची माणसं आहेत, त्यांचा पगार आपल्याच करातून निघतो. आणि शेवटी: हे सगळं अमेरिकेत चालतं, इथे नाही, यांना गावी पाठवा. खाली जोडलेले हात.

पहिल्या मुद्द्यावर बाकीचे उभे आहेत, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

२३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्री वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर डंपर चढला. तिघं गेले, त्यांत दोन अगदी लहान मुलं. ही माणसं अमरावतीहून मजुरीसाठी आली होती. म्हणजे कामासाठी अर्धा महाराष्ट्र ओलांडून आलेलं कुटुंब फुटपाथवर झोपलं होतं. हा अपवाद नाही. स्टेशन, स्वारगेट, मार्केट यार्ड, मंडई इथे रात्री आडवी झालेली माणसं सकाळी कुठे जातात ते कुणीही बघावं. बिगारी, हमाली, भंगार वेचणं, लग्नसराईत केटररकडे भांडी घासणं. हातावर पोट आहे, डोक्यावर छप्पर नाही, एवढंच.

आकडेच हवे असतील तर २०११ ची जनगणना घ्या. देशात बेघर १७ लाख ७३ हजार. त्याच जनगणनेत भिकारी आणि भटके म्हणून नोंदलेले ४ लाख १३ हजार. ते सगळेच्या सगळे बेघर आहेत असं धरलं, तरी बेघरांच्या चौथ्या हिश्शालाही पोहोचत नाहीत. दोन्ही आकडे कमीच असणार, कारण रात्री रस्त्यावरची माणसं मोजणं अवघड; पण प्रमाण पुरेसं बोलकं आहे. मुंबईतल्या कोट्यधीश भिकाऱ्याची बातमी दर वर्षी नव्याने फिरते. ती खरी असो वा नसो, एका माणसावरून सतरा लाखांचं उत्पन्न काढण्याचं गणित मला जमत नाही.

यावर हल्ली कोर्टाचा दाखला येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेघरांच्या निवाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गवई बोलले होते, की मोफत धान्य आणि पैसे मिळत असल्याने लोकांना काम करायची इच्छा राहत नाही. ती सुनावणीतली तोंडी टिप्पणी होती, निकाल नव्हे. आणि त्यांनी दिलेलं उदाहरण शेतीला मजूर मिळत नसल्याचं होतं. पत्ताच नसलेल्या माणसाकडे रेशनकार्ड कुठून येणार, हे फॉरवर्ड करणाऱ्याने एकदा स्वतःलाच विचारावं.

मग धडधाकट माणूस दिवसा फुटपाथवर बसलेला का दिसतो? मजूर अड्ड्यावर सकाळी ठेकेदार तरणाबांड बघून उचलतो. पन्नाशी उलटलेला, लंगडणारा, कपडे मळलेला माणूस मागे राहतो. ज्याला उचललं त्याचे पैसे कधी आठवड्याने, कधी बुडीत. आधार कार्ड रात्री झोपेत पिशवीसकट गेलेलं, म्हणून बँकेत खातं नाही आणि खातं नाही म्हणून सिक्युरिटीची नोकरी नाही. शिवाय बोचकं. अंथरूण, पातेलं, दोन कपडे ठेवायचे कुठे? कामावर गेलं आणि मागे कुणी उचलून नेलं की त्या दिवसाच्या मजुरीपेक्षा नुकसान मोठं. ज्यांना घराला कुलूप लावून बाहेर पडायची सवय आहे, त्यांच्या हे ध्यानातच येत नाही. या माणसाला काम हवंच असतं, पण ते त्याच दिवशी पैसे देणारं, कागद न मागणारं आणि बोचकं सांभाळणारं हवं. तसं काम शहरात जवळपास नाही.

दारूचा मुद्दा लवकर संपतो. काही पितात. पिऊन आला त्याला त्या दिवशी काम नाही, हा नियम कुठल्याही साइटवर असतो, इथेही ठेवावा. व्यसन सुटायला उपचार लागतात, आणि येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे फुटपाथवरूनच माणसं येतात असा कुणाचा समज असेल तर तो दूर करून घ्यावा. पगारदाराच्या हातात पगार देताना तो कशावर उडवणार, असं आपण विचारत नाही.

आता महापालिकेची माणसं. हा आक्षेप मी गंभीर मानतो, पण वेगळ्या कारणासाठी. पुण्यात कचऱ्याच्या कामावर पोट असणारे आधीपासून आहेत: कायम सफाई कामगार, ठेक्यावरचे कामगार आणि घरोघरचा कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई. त्यांच्या हातचं काढून बेघरांना द्यायचं असेल तर माझाही विरोध आहे. पण शहरात कुणाच्याच हजेरीत नसलेलं काम ढीगभर पडलंय. नाल्यांच्या कडेचं प्लॅस्टिक, टेकड्यांच्या पायथ्याशी रात्री ओतलेला राडारोडा, नदीपात्रात अडकलेल्या चिंध्या, पालखी पुढे गेल्यावर रस्त्यावर उरलेल्या पत्रावळी आणि बाटल्या, एकदा उचलून चौथ्या दिवशी पुन्हा भरणारे क्रॉनिक स्पॉट. ते करणारा कुणाचं काम हिरावत नाही.

आणि हे पुण्याला नवीनही नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायांना चोर समजून हटकलं जाई. पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी करारच केला. त्या बेघर नव्हत्या, वस्त्यांत राहत होत्या, हा फरक आहेच. पण ओळखपत्र, ठरलेलं काम आणि दाद मागायला संघटना मिळाली की तीच माणसं शहराला कशी दिसू लागतात, हे पुण्याने पाहिलंय.

काही जण मधला मार्ग सुचवतात: चहा-नाश्ता आणि शंभरची नोट द्या, तेवढं पुरे. अजिबात पुरे नाही. राजस्थानात दुष्काळी कामांवर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये संजित रॉय खटल्यात तिला वेठबिगारीच ठरवलं होतं. मदत करतोय म्हणून मजुरी कापता येत नाही. दुसरी गोष्ट जातीची. बेघर दिसला की झाडू द्या, हे सुचायला आपल्याला फार विचार करावा लागत नाही, आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हातमोजे, गमबूट आणि कामाची निवड हवी. उद्यान विभागाची रोपवाटिका, भिंतींची रंगरंगोटी, झाडांची आळी हेही रोजंदारीचं काम आहे. गटारात मात्र कुणालाच उतरवायचं नाही.

राहिली अमेरिका. आल्बुकर्की शहराचे महापौर रिचर्ड बेरी यांनी २०१५ मध्ये एक व्हॅन सुरू केली. भीक मागणाऱ्यांना ती कामाला चला म्हणायची. तासाला ९ डॉलर, दुपारचं जेवण, आणि संध्याकाळी हवा असेल त्याला निवारा. वर्षभराच्या आत ९३२ रोजगार दिले गेले आणि शंभरावर माणसांना पक्कं काम मिळालं. म्हणजे सगळ्यांना नाही. पण काम विचारल्यावर व्हॅन रिकामी परत गेली असंही नाही.

आणि मुळात अमेरिकेकडे बघायचं कशाला? सरकारने लोकांना काम द्यावं ही कल्पना आपली आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून रोजगार हमीचा कायदा राज्यात लागू झाला. खर्च कुणी उचलला? तुमच्या पगाराच्या पावतीवर दरमहा दोनशे रुपये कापले जातात तो व्यवसाय कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी आला. शहरातल्या पगारदारांनी गावातल्या मजुरांना काम दिलं. तो मजूर शहरात फुटपाथवर येऊन पडला की मात्र हमी संपते. केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी रोजगार हमी आणली. आपण, जिथे ही कल्पना जन्मली तिथले, अजून नाही.

गावी पाठवा म्हणणाऱ्यांच्या हाताशी १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहेच. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भटकतोय, एवढ्यावरही माणूस पकडता येतो, आणि पहिल्याच खेपेला किमान एक वर्ष डांबता येतं. दिल्लीपुरत्या त्यातल्या बऱ्याच तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या. इथे रोजंदारीच्या हजेरीचं साधं कार्डसुद्धा त्या माणसाच्या बाजूने पुरावा ठरू शकेल.

झोपायच्या जागेशिवाय हे टिकणार नाही, हेही खरं. केंद्राचा निकष लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा आहे. २०११ ची ३१ लाख धरली तरी पुण्याला ३१ लागतात. पण सुरुवात महापालिकेच्या आरोग्य कोठ्यांपासून करता येईल. तिथे सफाई कामगारांची हजेरी होतेच. बोचकं ठेवायला कुलूपबंद फडताळ आणि आंघोळीला नळ एवढीच भर. रोजच्या रोज रोख देणं महापालिकेच्या हिशेबात बसत नाही, ही अडचण खरी आहे. काम सहकारी संस्थेकडे द्यावं, तिने संध्याकाळी पैसे वाटावेत आणि महिन्याने बिल लावावं.

“एवढा कळवळा असेल तर तुमच्या सोसायटीत बोलवा” हे उत्तर येणार, म्हणून आधीच सांगतो: सोसायटीच्या आतलं काम हे नाहीच. आतला कचरा ताई नेतात, तो त्यांचाच. मी बोलतोय ते भिंतीपलीकडच्या नाल्याबद्दल.