बंदूक कशाला हवी?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या बाजूला ज्यांची भाताची आणि रताळ्याची शेती आहे, त्यांना रानडुकरांची ओळख करून द्यावी लागत नाही. माळ्यावर बसून डबा बडवावा, तर चार रात्रींत कळपाला तो आवाज पाठ होतो, आणि फटाके तर पिल्लांच्या करमणुकीसाठीच वाजवल्यासारखे वाटतात. म्हणून मी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीचा रीतसर परवाना काढायचे ठरवले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी तिचा स्पष्ट उल्लेख आहे, एवढ्यावरच माझा धीर वाढला होता.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्ज ‘ए-१’ नमुन्यात करायचा, आणि त्याच्यासोबत बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी व डॉक्टरांचा दाखला जोडायचा. या दाखल्यात शरीराइतकीच मनाची प्रकृतीही ठणठणीत असावी लागते. “रात्री झोप लागते का?” डॉक्टरांनी विचारले. लागत असती तर बंदूक कशाला मागितली असती, असे मी म्हणताच त्यांचे पेन थांबले, तेव्हा ‘अगदी गाढ लागते’ अशी दुरुस्ती मी तातडीने केली.

मग चौकशीला हवालदार आले. बांधाच्या वादापासून आमच्याशी अबोला धरलेल्या शेजारच्या काकूंनी त्यांना चहा दिला आणि “माणूस तसा बरा आहे हो, पण बंदूक कुणावर?” एवढेच विचारले. हवालदार माझ्याकडे वळले आणि बंदूक कशाला हवी, असे त्यांनी कानडीत विचारले.

“बंदूक याक बेक्री?”

“हंदी काट री, साहेब.” डुकरांचा त्रास आहे, असे मीही कानडीतच सांगितले.

“किती डुकरं येतात?”

“अंधारात कशी मोजणार?”

त्यांनी वहीत काहीतरी बराच वेळ लिहिले. पोलिसांच्या अहवालाला नियमाने ३० दिवसांची मुदत आहे. ती संपल्यावरही तो अहवाल कुठल्या टेबलावर आहे हे विचारणे मात्र अर्जदाराला शोभत नाही, असे मला त्या टेबलांवरच समजावण्यात आले.

खरी गंमत पुढेच आहे. परवाना मिळाला, तरी त्या बंदुकीने डुकराला मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यालाही संरक्षण दिलेले आहे, आणि उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायचे, तर वन खात्याचा कारणांसह लेखी हुकूम लागतो. म्हणजे बंदुकीसाठी एक अर्ज आणि डुकरासाठी दुसरा. शिवाय निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते, आणि आमच्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुकांना काही तोटा नाही.

दुसऱ्या अर्जावर कारकुनांनी वेगळीच शंका काढली. “डुकरं चंदगडाकडून येत असतील, तर ती महाराष्ट्राची. आम्ही हुकूम कसा द्यायचा?” सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण डुकरांनी निकालाची वाट पाहिलेली नाही, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. वास्तव्याच्या रकान्यात अखेर ‘अर्जदाराच्या रताळ्यात’ असे लिहून दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, काही हरकत घेतली नाही, आणि जोडलेला जमिनीचा उतारा जुना झाला म्हणून नवा आणायला सांगितले.