‘सगळ्या वाटा मोकळ्या ठेवा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

विषय निवडायचे दिवस आले की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला, त्यातली एक माझी सख्खी मोठी बहीण. मेसेज लांबलचक आहे पण सार एवढंच: मुलांना भावनेच्या भरात विषय निवडू देऊ नका. गणित-सायन्ससारखे अभ्यासाचे विषय घेतले की सगळ्या वाटा मोकळ्या राहतात. चित्रकला, संगीत, नाटक हे सोपे विषय, ते छंद म्हणून पुढे कधीही करता येतात. कलेत पैसा नाही, त्यात आता एआय आलंय. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मेंदूच पूर्ण तयार झालेला नसतो, त्यामुळे निर्णय आईवडिलांनीच घ्यावा.

ताईने तो पाठवला कारण माझ्या भाचीला पुढच्या दोन वर्षांसाठी चार विषय निवडायचेत आणि तिला त्यातला एक चित्रकला हवाय. मी अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवतेय, म्हणून ताईचं म्हणणं, तू सायन्सवाली आहेस, तूच समजाव तिला. मी समजवायला बसले खरी, पण त्याआधी त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून बघावं म्हटलं, आणि तपासत गेले तसं माझंच मत पक्कं होत गेलं की हे असं पोरीला सांगता येणार नाही.

“अभ्यासाचे विषय घेतले की सगळ्या वाटा मोकळ्या राहतात.”

हे वाक्य ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं ना की कोणी तपासतच नाही. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे रसेल ग्रुप म्हणून 24 नावाजलेल्या विद्यापीठांचा गट आहे, त्यांनी 2011 मध्ये शाळकरी मुलांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि त्यात ‘वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या’ विषयांची यादीच दिली: गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य, भाषा. चित्रकला-संगीत त्यात नव्हतं. झालं काय, की शाळा आणि पालक ती यादी बायबलसारखी धरून बसले, यादीबाहेरचा विषय म्हणजे वाया गेलेला विषय असं चित्र तयार झालं, बरीच टीका झाली, आणि 2019 मध्ये त्याच गटाने ती यादी स्वतःहून काढून टाकली. तिच्या जागी त्यांनी वेबसाइट आणली, जिथे मूल आधी कुठला कोर्स करायचाय ते शोधतं आणि त्या कोर्सला कुठले विषय लागतात ते बघतं. म्हणजे ज्यांनी ही कल्पना एवढी पसरवली त्यांनीच ती बदलली, आपण मात्र ती अजून फॉरवर्ड करतोय.

खरं तर कुठलाच विषय सगळ्या वाटा मोकळ्या ठेवत नाही, कारण शाळेत तीन, चार किंवा सहा विषय घेता येतात आणि बाकीचे सुटतात, सुटलेल्या प्रत्येकाबरोबर काहीतरी बंद होतंच. रसायन सोडलं की मेडिकल बहुतेक ठिकाणी संपलं. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, भौतिकशास्त्र गेलं, अर्थशास्त्राचे बरेच चांगले कोर्स गेले. आणि चित्रकला सोडली की? तिथे नियमात काही लिहिलेलं नसतं बऱ्याचदा, पण डिझाइन, ॲनिमेशन, फाइन आर्ट, कित्येक ठिकाणी आर्किटेक्चरसुद्धा, यांना पोर्टफोलिओ लागतो, संगीताला ऑडिशन लागते, आणि चांगला पोर्टफोलिओ सुट्टीच्या दोन महिन्यांत होत नाही हो. त्यात नुसती छान छान चित्रं नको असतात, एक कल्पना कशी सुचली, कुठे फसली, मग काय बदललं हा सगळा प्रवास दिसावा लागतो. दोन वर्षं आठवड्याला ठरलेले तास काम करणाऱ्या मुलाकडे तो आपोआप जमा होतो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी मान्य करते आणि भाचीलाही तेच सांगितलं. गणित हा पायऱ्यापायऱ्यांचा विषय आहे, मधली दोन वर्षं सुटली तर परत धरणं खूप जड जातं, माझ्या वर्गात असे प्रयत्न करणारी मुलं मी बघितलीयत आणि त्यांची दमछाकही बघितलीय. त्यामुळे गणित बरं जमत असेल आणि पुढचं नक्की नसेल तर ते ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण गणित ठेवा म्हणजे चित्रकला सोडा असा अर्थ कुठून निघतो? चारातला एक विषय आहे तो. आयबी डिप्लोमात (अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) तर विषयांचे सहा गट करून सहावा गट कलांचाच ठेवलाय. त्याऐवजी दुसरा एखादा विषय घेता येतो, पण ज्याला हवंय तो फिजिक्स, गणित आणि चित्रकला एकत्र घेऊन बसू शकतो.

“हे सोपे विषय आहेत.”

ज्याने असं लिहिलंय त्याने एकदा त्या विषयाचा सिलॅबस उघडून बघावा. इंग्लंडमधल्या ए-लेव्हलचा, म्हणजे तिथल्या बारावीच्या पातळीचा, कलेचा विषय घेतला तर 60 टक्के मार्क विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या एका विषयावरच्या प्रोजेक्टला, महिनोन्‌महिने चालणारं काम, सोबत किमान 1000 शब्दांचं लिखाण. उरलेले 40 टक्के बाहेरून दिलेल्या विषयावर, त्याची तयारी आणि शेवटी देखरेखीखाली 15 तासांचं काम. आमची फिजिक्सची पोरं एका विषयासाठी असं 15 तास परीक्षेला बसत नाहीत. माझ्या विषयात मूल अडलं तर पुस्तकाच्या मागे उत्तर असतं, तिथे मागे काही नसतं, ‘हे झालं’ असं स्वतःलाच ठरवावं लागतं. सोपं समजून हे विषय घेणारी मुलंही असतात, आणि ती सहा महिन्यांत रडकुंडीला येतात, त्यामुळे ‘अभ्यास नको म्हणून चित्रकला’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

“छंद म्हणून पुढे कधीही करता येतात.”

तिशीत गिटार शिकता येते, पन्नाशीत रंग हातात घेता येतात, मान्य. स्वतःच्या आनंदासाठी करायचं असेल तर खरंच वय नसतं. पण मेसेज जे सुचवतो ते वेगळं आहे, की आवड खरी असेल तर ती आपोआप टिकेल. आवड अशी डब्यात घालून ठेवता येत नाही. 2018 मध्ये ओ’कीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की जी माणसं आवड ही उपजत, ठरलेली गोष्ट मानतात ती नव्या विषयात जरा कठीण लागलं की लवकर सोडून देतात, आणि आवड वाढवावी लागते असं मानणारी जास्त टिकून राहतात. म्हणजे आवडीला खतपाणी लागतं, वेळ लागतो, ‘हा हात इथे चुकलाय, परत काढ’ म्हणणारं कोणीतरी लागतं. विषय म्हणून घेतलं की हे सगळं टाइमटेबलमध्येच मिळतं. छंद म्हणून ठेवलं की परीक्षा आली, क्लास आला की सगळ्यात आधी त्याच्यावरच काट बसते, हे कुठल्याही घरात बघा.

आणि मुळात सायन्स एकीकडे, कला दुसरीकडे ही भिंतच मला मान्य नाही. मी वर्गात दरवर्षी एक गोष्ट सांगते. 1609 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र बघून त्याचं चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. हॅरियट कच्चा माणूस नव्हता, त्या काळातला पहिल्या फळीतला गणितज्ञ होता. त्याच्या चित्रात उजेड आणि अंधार यांच्यातली रेघ वेडीवाकडी दिसते, पण ती तशी का हे काही त्याने त्यावर मांडलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी गॅलिलिओने तोच चंद्र बघितला आणि त्याला त्या डागांमध्ये सावल्या दिसल्या, डोंगर आणि खड्डे दिसले, अंधाराच्या बाजूला चमकणाऱ्या शिखरांवरून त्याने डोंगरांची उंचीसुद्धा काढली आणि 1610 मध्ये छापलं. कलेच्या इतिहासाचे काही अभ्यासक म्हणतात की यात त्याच्या चित्रकलेचा मोठा वाटा होता, कारण सपाट कागदावर छायाप्रकाशाने उंचसखलपणा कसा दाखवतात हे त्याला हाताने येत होतं (1613 मध्ये फ्लॉरेन्समधल्या चित्रकारांच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं होतं). दुर्बीण दोघांकडे होती, गॅलिलिओची जास्त ताकदीची, पण फरक बघण्याच्या सवयीतही होता, आणि ही सवय मला वर्गात चित्र काढणाऱ्या मुलांत आजही दिसते, सर्किटची किंवा बलांची आकृती ती जास्त नीट मांडतात असा माझा अनुभव आहे.

इथे एक सांगायलाच हवं, कारण कलेची बाजू घेणारेही चुकीचं सांगतात. ‘मोझार्ट ऐकलं की मुलं हुशार होतात’ वगैरे. ते 1993 चं एक छोटं संशोधन, 36 कॉलेजविद्यार्थी, दहा मिनिटं संगीत, आणि परिणाम काय तर आकृत्या मनात हाताळण्याच्या एका प्रकारच्या चाचणीत पंधरा-एक मिनिटं टिकणारी वाढ. त्यात लहान मुलं नव्हतीच, आणि हुशारी वाढते असं त्यावरून म्हणताच येत नाही. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने 2013 मध्ये या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा नाटक करून बघण्याचा भाषेच्या कौशल्याला फायदा होतो असे चांगले पुरावे सापडले, पण बऱ्याच बाकी दाव्यांना आधार कमी पडला, आणि त्यांनी हेही म्हटलं की कला शिकवायची ती कलेसाठीच. मला हे पटतं. गणितात मार्क वाढावेत म्हणून मुलाला तबला लावू नका, गणिताचे मार्क गणित करूनच वाढतात.

“कलेत पैसा नाही, त्यात एआय.”

पैशाची काळजी खोटी नाही आणि ती करणाऱ्या आईबापाला मी नावं ठेवणार नाही. ब्रिटनमधल्या आयएफएस (इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज) या आर्थिक संशोधन संस्थेने 2020 मध्ये पदवीचा आयुष्यभराच्या कमाईवर काय परिणाम होतो ते काढलं होतं, त्यात मेडिकल आणि अर्थशास्त्र वरती, आणि क्रिएटिव्ह आर्ट्सची पदवी घेतलेल्या पुरुषांचं सरासरीने नुकसानच. हे लपवू नका, मुलाला दाखवा, त्याला कळतं. पण हे आकडे पदवीचे आहेत, तेही एका देशातले, शाळेतल्या चारातल्या एका विषयाचे नाहीत. शाळेत चित्रकला घेऊन पुढे इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला हा आकडा लागूच होत नाही. एआयचं म्हणाल तर 2022 मध्ये चित्रं काढणारी टूल्स सगळ्यांच्या हातात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, जे कोड लिहितं, हिशोब मांडतं, निबंध लिहितं. त्यामुळे एआयला घाबरून विषय निवडायचा तर कुठलाच उरत नाही.

“मेंदू तयार नसतो, आईवडिलांनी ठरवावं.”

ताईच्या मनात खरं हेच होतं, बाकीचं नंतर जोडलेलं. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते हे बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. 2019 मध्ये 11 देशांतल्या, 10 ते 30 वयाच्या पाच हजारांवर लोकांचा एक अभ्यास आला. त्यात शांतपणे विचार करून, तर्क लावायची क्षमता सोळाच्या आसपास मोठ्यांच्या पातळीला येते असं दिसलं. उशिरा येतो तो स्वतःवरचा ताबा, भावना उसळलेल्या असताना थांबता येणं, ते अठराच्याही पुढे चालतं. म्हणजे सोळा वर्षांचं मूल विषय निवडू शकतं, फक्त भांडणाच्या मध्यात, रिझल्टच्या दिवशी, किंवा ‘उद्या फॉर्म भरायचाय, आत्ताच्या आत्ता सांग’ अशा घाईत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या घरांत निर्णय नेमके याच तीन वेळी होतात.

म्हणून मी ताईला एवढंच म्हटलं की तीन आठवडे कोणी काही बोलायचं नाही, सारिका काय करतेय, मिताली काय करतेय हे तर अजिबातच नाही. भाचीला मी कामाला लावलं. पुढे करावेसे वाटतील असे पाच कोर्स शोध, प्रत्येकाला कुठले विषय लागतात ते त्यांच्याच माहितीपत्रकात बघ, मला ऐकीव नको. प्रत्येक विषयात वरच्या वर्गातल्या मुलांना विचार की मंगळवारी संध्याकाळी तुम्ही नेमकं काय करत असता, कारण विषयाचं नाव आवडणं वेगळं आणि त्यातला गृहपाठ झेपणं वेगळं. आणि चित्रकलेच्या बाईंना विचार की माझ्या कामात सगळ्यात कच्चं काय आहे. हा शेवटचा प्रश्न तिला जड गेला, दोन दिवस गप्प होती, मग परत बाईंकडे गेली आणि हात कसे काढायचे ते विचारून आली. मला त्या एका गोष्टीवरून जेवढं कळलं तेवढं कुठल्या कल चाचणीतून कळलं नसतं.

शेवटी तिने गणित, भौतिक, चित्रकला आणि इंग्रजी ठेवलंय. रसायन सोडतेय. कागदावर ‘काय बंद झालं’ असा तिनेच एक रकाना केलाय आणि त्यात पहिलं नाव मेडिकल, दुसरं केमिकल इंजिनिअरिंग, समोर ‘चालेल’ असं दोनदा लिहिलंय. ताईने तो कागद बराच वेळ वाचला, मग विचारलं, “फार्मसी?” भाचीने तेही लिहिलं. त्याच्यासमोरची जागा अजून रिकामी आहे, फॉर्म भरायला अकरा दिवस आहेत.