भाटगिरीच्या आरोपाला उत्तर, जरा लांबलेलं

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगायचं तर आधी रागच आला. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली तेव्हा निम्मी पटली. उरलेल्या निम्मीवरून भांडायचंय आणि ते खालच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितेय.

मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडच्या राजघराण्याच्या रंगवलेल्या व्यक्तिचित्रांवर मी लिहिलं होतं, आठव्या हेन्रीपासून आत्ताच्या तिसऱ्या चार्ल्सपर्यंत. त्यावर सरांनी, म्हणजे शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एका वाचकांनी, मला चांगलंच झापलं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या तसबिरींचं मराठीत कौतुक म्हणजे निव्वळ भाटगिरी. ‘आपण काळ्या घोड्यावरच्या राजाला केव्हाच हलवलं, तुम्ही त्याला परत चढवताय’ हे त्यांचं वाक्य, म्हणजे मुंबईतल्या काळा घोडा इथला सातव्या एडवर्डचा पुतळा. शिवाय हेन्रीचं मूळ चित्र लिव्हरपूलला आहे, हे मी लिहिलेलं साफ चूक. हेन्रीचा दरबारी चित्रकार होल्बाइन, त्यानं राजाच्या होणाऱ्या बायकोचं, ॲनचं, खोटं चित्र काढून राजाला फसवलं, त्याला मी थोर म्हणते. आणि ल्युशन फ्रॉइड या ब्रिटिश चित्रकारानं काढली तशी राणी दुसरी एलिझाबेथ वर्गातल्या पोरानं काढली असती, तर सरांनी कागद परत हातात दिला असता.

चुकीपासून सुरुवात करते. लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे ती हेन्रीची प्रत. मूळ चित्र होल्बाइननं १५३७ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात भिंतीवर काढलं होतं आणि जानेवारी १६९८ च्या आगीत ते भिंतीसकट गेलं. पाय फाकवून उभा, दारात मावणार नाहीत असे खांदे, थेट आपल्याकडे रोखलेली नजर, असा जो हेन्री सगळ्यांच्या डोक्यात बसलाय तो प्रतींमधून आलेला. मी घाईत प्रतीलाच मूळ करून टाकलं. कान पकडते.

पण या निमित्तानं मूळ लेखात राहून गेलेली एक गोष्ट सांगता येईल. भिंत जळाली तरी चित्र भिंतीवर उतरवायला केलेला कागदाचा आराखडा वाचला. सगळा नाही, डावीकडचा भाग: हेन्री आणि त्याच्यामागे त्याचा बाप, सातवा हेन्री. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. अडीच मीटरहून उंच, कागदाला कागद जोडून केलेला, शाई आणि जलरंगातला. लांबून राजा दिसतो. नाक जवळ नेलं की भोकं दिसतात. बाह्यरेषांवरून सुईनं टोचत नेलेली, एका ओळीत, बारीक. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीसाठी उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद असतो ना, अगदी तेच तंत्र. पूड झाडली की रेघ खाली उतरते. इतका मोठा दरारा, आणि त्याची सुरुवात रांगोळीच्या कागदानं!

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे त्या कागदावर हेन्रीचा चेहरा किंचित बाजूला वळलेला आहे. प्रतींमध्ये तो सरळ समोर बघतो, म्हणजे भिंतीवर जाता जाता चेहरा फिरला. कोणाच्या सांगण्यावरून फिरला याचा कागद नाही. माझा अंदाज विचाराल तर बाजूला बघणारा माणूस विचारात पडलेला वाटतो, समोर बघणारा अंगावर येतो, आणि हेन्रीला अंगावर येणारा हवा होता.

आता भाटगिरी. सर, भाट आहे तो चित्रकार. मी त्याचं कवन ऐकतेय, आणि कान उघडे ठेवून ऐकतेय. बखरीत ‘दोन लक्ष फौज’ वाचलं की आपण मनातल्या मनात भागाकार करतोच की. म्हणून बखर फेकून देत नाही. उलट बखरकारानं कुठे फुगवलं आणि कुठे गप्प बसला यातच खरी गंमत असते.

पहिला चार्ल्स घ्या. अंगापिंडानं लहानखुरा, पाच फूट चार इंचांच्या आसपास. १६३२ मध्ये व्हॅन डाइक हा फ्लेमिश चित्रकार लंडनला आला, त्याच वर्षी त्याला ‘सर’ केलं, आणि तिथून पुढे चार्ल्सची उंची वाढायला लागली. पॅरिसच्या लूव्रमधल्या शिकारीच्या चित्रात राजा घोड्यावरून उतरून उभा आहे. आपली नजर खालून वर जाते आणि शेजारी घोड्यानं मान खाली घातलेली. उंच माणसाला उंच दाखवायला चित्रकार लागत नाही. बुटक्याला घोड्याशेजारी उभं करून घोड्यालाच झुकवायचं, याला डोकं लागतं.

त्याच चार्ल्सचं तीन तोंडांचं चित्र आहे, १६३५-३६ चं. समोरून, बाजूनं आणि तिरकं, एकाच फळीत तीन राजे. ते भिंतीवर लावायला काढलेलंच नव्हतं. रोममध्ये बर्निनी संगमरवरी अर्धपुतळा घडवणार होता, त्याच्यासमोर बसायला राजा काही जाणार नाही, म्हणून हा कॅनव्हास पाठवला. शिंप्याला अंगरख्याचं माप द्यावं तसं चेहऱ्याचं माप. तरी व्हॅन डाइकला राहवलं नाही, तिन्ही चार्ल्सना वेगळ्या रंगाचे कपडे आणि वेगळ्या नक्षीची लेसची कॉलर. मूर्तिकाराला त्या रंगांचा काय उपयोग? पण यात राजा जरा मोकळा सापडतो. डोळ्यांखालची ओढ, पापण्यांचा जडपणा हे सगळं आहे, कारण इथे गिऱ्हाईक प्रजा नव्हती, एक कारागीर होता. बर्निनीचा पुतळाही पुढे त्याच १६९८ च्या आगीत गेला. उरलं ते माप. आणि राजाचं शीर ३० जानेवारी १६४९ ला त्याच व्हाइटहॉल राजवाड्याच्या बँक्वेटिंग हाउस या मेजवानीच्या दालनासमोर उडवलं. आतल्या छतावर रुबेन्सनं रंगवलेला त्याच्या बापाचा जयजयकार होता. आपल्या घराण्याचं ते कवन डोक्यावर असताना तो मंचाकडे चालत गेला. भाटगिरीच म्हणायची तर यापेक्षा कडू भाटगिरी मला तरी माहीत नाही.

आणि हे सगळं आपल्याशी कुठे जोडलेलं आहे, हा तुमचा प्रश्न. प्रतींनी जोडलेलं आहे. तिसऱ्या जॉर्जचं राज्यारोहणानंतरचं चित्र ॲलन रॅम्झीनं १७६१-६२ मध्ये केलं आणि मग त्याच्या प्रती निघायला लागल्या. वकिलातींना, वसाहतींच्या गव्हर्नरांना, राजा-राणीची जोडी. रॅम्झीच्या हाताखाली फिलिप रायनागल नावाचा चित्रकार होता, त्याचं उमेदीचं वय या जोड्या रंगवण्यात गेलं. शेवटी तो इतका विटला की माणसं सोडून कुत्री आणि पक्षी रंगवायला लागला. कुठल्याही सरकारी कचेरीत खुर्चीमागे टांगलेली तसबीर बघितली की मला रायनागल आठवतो.

या साखळीची एक कडी मुंबईत आहे. १९३० च्या सुमारास दिल्लीच्या नव्या व्हाइसरॉय हाउससाठी, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनासाठी, राजघराण्यातल्या चित्रांच्या प्रती हव्या होत्या. त्या करायला दोन हिंदी चित्रकार विलायतेला पाठवले गेले: मुंबईचे जे. ए. लालकाका आणि कोलकात्याचे अतुल बोस. इकडे देशात मिठाचा सत्याग्रह आणि तिकडे आपलाच चित्रकार परक्या राजाचा झगा रंगवतोय. यात मला कौतुकही वाटतं आणि पोटात कालवतंही. दोन्ही एकदम वाटू शकतं ना, सर?

कालवण्याचंच म्हणाल तर विंटरहाल्टर या जर्मन चित्रकारानं १८५४ मध्ये काढलेला पंजाबचा महाराजा दुलीपसिंह बघा. पंधरा वर्षांचा पोरगा, रेशमी पोशाख, पागोट्यात रत्नं, मागे कुठलंसं धूसर पूर्वेकडचं शहर. सगळं देखणं. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. राज्य गेलं, कोहिनूर गेला. आता गळ्याकडे बघा. हिऱ्यांच्या कोंदणात एक छोटीशी तसबीर लटकतेय, ती व्हिक्टोरियाची. ज्या राणीच्या नावानं राज्य नेलं तिचाच चेहरा छातीवर. म्हणून मी हे चित्र दुलीपसिंहाचं कमी आणि राणीचं जास्त मानते. बकिंगहॅम राजवाड्यात चित्राच्या बैठका चालल्या होत्या तेव्हा एक दिवस राणीनं कोहिनूर मागवला. तोवर त्याला नव्यानं पैलू पाडून १०५ कॅरटांवर आणला होता. पोरानं तो हातात घेतला, खिडकीपाशी उजेडात निरखला आणि परत राणीच्या हातात ठेवला. चित्रात यातलं काही नाही. आपण जाऊन बघितल्याशिवाय, आणि बघून बोलल्याशिवाय ते दिसायचंही नाही.

काळ्या घोड्याबद्दल दोन शब्द. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ मध्ये उचलून नेला तो भायखळ्याला, जिजामाता उद्यानात. त्या बागेला अर्धी मुंबई अजून राणीची, म्हणजे एडवर्डच्या आईची, व्हिक्टोरियाची, बाग म्हणते. लेकरू आईच्या अंगणात सोडून आलो आपण, दुसरं काय!

ॲन ऑफ क्लीव्ह्जबद्दल मात्र मी हटणार नाही. १५३९ मध्ये हेन्रीला बायको हवी होती, होल्बाइनला मुलगी बघायला पाठवलं. आपल्याकडे फोटो स्टुडिओत मान तिरकी करून, ओढणी सारखी करून ‘स्थळाला पाठवायचा’ फोटो काढायचे, तसलाच हा प्रकार, फक्त चर्मपत्रावर रंगवलेला. जानेवारी १५४० मध्ये लग्न, जुलैत ते रद्द. चित्रकारानं फसवलं ही गोष्ट तेव्हापासून चघळली जातेय. पण हेन्री लोकांना सोडणारा माणूस होता का? लग्न जुळवण्यात पुढे असलेल्या थॉमस क्रॉमवेल या त्याच्या मंत्र्याचं त्याच जुलैत मुंडकं उडालं. त्यामागे दरबारातली इतरही वैरं होती, पण उडालं. होल्बाइनला नखसुद्धा लागलं नाही. चित्र खोटं असतं तर हेन्रीनं त्याला जिवंत ठेवलं असतं, असं मला वाटत नाही. लूव्रमध्ये ते आहे. चेहरा शांत, अगदी समोरून, फार काही न सांगणारा. पोशाखावरची सोन्याची वीण चेहऱ्यापेक्षा जास्त बोलते. आता मुलीबद्दल बोलता येण्यासारखं फार नसलं की आपण साडीचं कौतुक करतो, हे होल्बाइनला ठाऊक होतं आणि हेन्रीला वाचता आलं नाही, यात दोष कोणाचा?

राहिला फ्रॉइड. तुमचा सगळ्यात मोठा राग त्याच्यावर, आणि तुम्ही शिक्षक आहात म्हणून इथे मी जपून बोलते. साधर्म्य नाही म्हणता. पण तुम्ही ते मोबाइलवर मोठं करून पाहिलंत, तुम्हीच तसं लिहिलंय. प्रत्यक्षात ते साडेतेवीस सेंटिमीटर उंच आणि जेमतेम पंधरा रुंद आहे. शाळेच्या वहीहून अरुंद. त्यात जाड रंगाचे थर एकमेकांवर बसवलेले, हनुवटी घट्ट, ओठांच्या कडा खाली खेचलेल्या, मानेला जागाच नाही. २००० ते २००१ मध्ये राणी त्याच्यासमोर बसत होती. मध्येच त्याला वाटलं की टपाल तिकिटावर असतो तो हिऱ्यांचा मुकुट हवा, म्हणून कॅनव्हासला वरून पट्टी जोडून जागा केली. त्या चेहऱ्यावर तो मुकुट ओझ्यासारखा बसलाय. लंडनच्या वर्तमानपत्रांनी तुमच्यासारखंच तोंडसुख घेतलं. पण हे चित्र कोणी पैसे देऊन करवून घेतलेलं नव्हतं. फ्रॉइडनं ते राणीला भेट दिलं, आणि तिनं ते ठेवून घेतलं. बिदागी न घेतलेला भाटच सगळ्यात कमी गोड गायला.

याउलट चार्ल्सचं ते लाल चित्र, जोनाथन यिओचं, मे २०२४ मध्ये उघडलेलं. ‘रक्ताच्या डबक्यात उभा केलेला माणूस’ असं तुम्ही म्हणालात आणि मी एकटीच बसून हसले. ते मी फोटोतच पाहिलंय, म्हणून हातचं राखून सांगते. ड्रेपर्स कंपनी या लंडनच्या जुन्या व्यापारी संघानं करवून घेतलेलं, फ्रेमसकट साडेआठ फूट उंच. वेल्श गार्ड्सचा लाल गणवेश पार्श्वभूमीत विरघळून गेलेला आणि खांद्याशी एक फुलपाखरू. सगळं धाडस मागच्या रंगात. चेहरा मात्र कॅलेंडरवर छापावा इतका सौम्य, सुरकुतीसुद्धा परवानगी घेऊन आलेली. फ्रॉइडनं नेमकं उलटं केलं: मागे काहीच नाही आणि धाडस सगळं चेहऱ्यात. मूळ लेखात मी यिओला ‘क्रांतिकारी’ म्हटलं होतं. तो शब्द काढून टाकलाय, आणि त्याचं श्रेय तुमच्या डबक्याला.

लेखात लिव्हरपूलची दुरुस्तीही केली आहे. ‘एका वाचकांनी लक्षात आणून दिलं’ एवढंच लिहिलंय. नाव घातलेलं चालणार असेल तर कळवा. आणि दिवाळीनंतर लेकीकडे लंडनला जाणार असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तर ट्रॅफल्गर चौकाच्या कोपऱ्यावरच्या त्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत नेहमीच्या दालनांना तिकीट नाही. हेन्रीच्या कागदासमोर चश्मा बदलून उभे राहा. भोकं आधी बुटांच्या आसपास शोधा, तिथे उजेडाला जरा तिरकं वाकलं की सापडतील. दिसली नाहीत तर परत येऊन मला अजून एकदा झापा.