झावळ्यांच्या रविवारी गाढव कशासाठी?

येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या रविवारी झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात. तो झावळ्यांचा रविवार तीन आठवड्यांवर आला आहे आणि वसईतील आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या भाविकसमुदायात) पुन्हा एकदा गाढवाची चौकशी सुरू झाली आहे. ते मिळणेही आता सोपे राहिलेले नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती, २०१९ मध्ये जेमतेम १ लाख २० हजार उरली. तरीही कुठल्यातरी वीटभट्टीवरून एक गाढव भाड्याने आणले जाईल, त्याच्या पाठीवर लाल मखमल टाकली जाईल आणि येशूच्या वेशातील एक धडधाकट तरुण त्यावर बसवला जाईल. हे यंदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी मिरवणुकीत मी अगदी मागेच चालत होतो. बँड सुरू झाला तसे गाढवाचे कान मागे गेले आणि चौकात पोहोचताच ते जागीच उभे राहिले. दोघांनी दोर ओढला, तिसऱ्याने मागून रेटले, मुले हसू लागली आणि हातातल्या झावळ्या खाली जाऊन मोबाइल वर आले. शेवटी गाढव ते गाढवच, असे माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले. ते हट्टाने उभे आहे असे आपण समजतो. वास्तविक घोडा घाबरला की उधळतो आणि गाढव घाबरले की बहुधा थिजते. वेदना झाली तरी ते ती सहसा दाखवत नाही, त्यामुळे शांत उभ्या असलेल्या गाढवाला काही त्रास होत नसावा हा आपला समज आपल्याच सोयीचा असतो.

कायद्याचे बोलायचे तर, ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांत गाढवाच्या पाठीवर ५० किलोंची कमाल मर्यादा घातलेली आहे. हा नियम माल वाहण्याबद्दल आहे, माणसाबद्दल नाही, असा युक्तिवाद कोणी करू शकेल, परंतु पाठ तीच असते आणि आमचा येशू निश्चितच ५० किलोंहून अधिक वजनाचा होता.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो शुभवर्तमानातील संदर्भ, कारण ‘बायबलमध्येच आहे’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत शेवटचा शब्द ठरते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात यरुशलेमेत शिरण्यापूर्वी येशू शिष्यांना ज्यावर अजून कोणीही बसलेले नाही असे गाढवाचे शिंगरू आणायला सांगतो, आणि कोणी विचारलेच तर प्रभूला त्याची गरज आहे व तो ते लवकरच परत पाठवील असे उत्तर द्यायला सांगतो. परत पाठवण्याचा हा उल्लेख आपण वाचतो आणि पुढे जातो. राजा गाढवावर बसून येईल या जखऱ्या संदेष्ट्याच्या ज्या भविष्यवाणीचा आधार मत्तयाचे शुभवर्तमान घेते तिच्या पुढच्याच ओवीत युद्धाचे रथ आणि घोडे नाहीसे होतील असे म्हटले आहे. म्हणजे गाढव तेथे येते ते लढाईच्या घोड्याला नकार म्हणून. बळजोरी न करणाऱ्या राजाची ती खूण आहे, आणि ती खूण दोर लावून ओढत नेण्यात आपण धर्माचे नेमके काय सादर करतो, हे मला समजत नाही. उपासनाविधीला गाढव लागतही नाही. त्याला हव्यात आशीर्वादित झावळ्या आणि चालणारी माणसे.

युरोपातील जर्मन भाषक प्रदेशांत मध्ययुगातच लोकांनी यावर तोड काढली होती. येशूची मूर्ती पाठीवर असलेले लाकडी गाढव चाकांवर बसवून ते मिरवणुकीत ओढत. त्यांपैकी काही गाढवे आज संग्रहालयांत आहेत, तर ऑस्ट्रियातील टिरोलमधील थाऊर या गावात ही प्रथा अजून चालू आहे.

संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चोला नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्यासाठी खरा बैल आणि खरे गाढव आणले होते, हा आक्षेप येणार हे ठाऊक आहे. आणले होते, पण ती जनावरे गव्हाणीपाशी वैरण समोर घेऊन उभी होती, त्यांना बँडमागून चालवले नव्हते. गोव्यातील तीन राजांच्या सणाचे उदाहरणही दिले जाते. तेथे कासावली, आरोशी आणि कुएली या गावांची मुले राजांच्या वेशात घोड्यांवरून टेकडीवरील कपेलापर्यंत (छोट्या प्रार्थनामंदिरापर्यंत) जातात. ती त्या गावांची जुनी रीत आहे आणि तिच्याबद्दल त्या गावांनीच बोलावे. आमच्याकडील गाढव ही काही वर्षांपूर्वी एका उत्साही समितीने आणलेली कल्पना आहे. तिला परंपरा म्हणणे जरा जास्तच होईल.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदात, प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे असे म्हटलेले आहे. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या, पुढील बैठकीत मी तो वाचून दाखवणार आहे. दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या वर्गातील मुलांनी बांबू आणि कागदाचे गाढव करावे, असे मी सुचवणार आहे. दुसरी सूचना मालकाबद्दल आहे. गेल्या वर्षी मिरवणूक संपल्यावर तो गाढवाला घेऊन कुंपणाच्या बाहेर उन्हात थांबला होता आणि आतील नाश्त्याला त्याला कोणी बोलावले नव्हते. यंदा गाढव न आणताही त्याच्या त्या दिवसाच्या भाड्याची रक्कम त्याला पोहोचती करावी.